शेताचं पायपुसणं

आमच्या शेजारच्या भिकूअण्णांच्या घरात शिरायला तीन पायपुसणी ओलांडावी लागतात. अंगणात काथ्याचं, पायरीवर गोणपाटाचं आणि उंबऱ्यापाशी जुन्या लुगड्याचं. एवढं करून आत जावं तर ओटीवरून हाक येतेच, "बाय, पाय पुसलंस?" जावईबापूंना म्हणे दिवाळसणाला पहिल्याच पायपुसण्यावरून परत फिरवलं होतं. मला ते सहज पटतं.

पण त्यांचं सगळ्यात मोठं पायपुसणं शेतात आहे. भात संपतं तिथपासून व्हाळापर्यंत, म्हणजे खाडीला मिळणाऱ्या आमच्या ओढ्यापर्यंत, दहा हात जमीन त्यांनी नुसती गवताला सोडलीय. वाळा, लव्हाळा, कसलीकसली झुडपं. चांगली जमीन वाया घालवली म्हणून वाडी हसते. अण्णा म्हणतात, "शेतातला पाणी खत नि माती घेवन येता. त्येका तसाच व्हाळात सोडू? आधी पाय पुसूक व्हये!" त्या गवतात म्हैस शिरली तर ते म्हशीला काही बोलत नाहीत. तिच्या मालकाचा मात्र सात पिढ्यांसकट उद्धार होतो.

एकदा कृषी खात्याचे साहेब आले. अण्णांनी ठेवणीतलं मराठी काढलं, "साहेब, आपण प्रथम पाय पुसावेत." साहेब गवत पाहून खूश झाले. वाहून आलेलं खत यात अडतं, पाणी निवळ होऊन पुढे जातं, याला शास्त्रात मोठं नाव आहे, असं म्हणाले. ते गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "नाव कितक्याय मोठा असांदे, काम पायपुसण्याचाच."

मी खाडीपलीकडच्या शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी घरी परतले की अण्णांचा प्रश्न ठरलेला, "जैतूनची टोपली भरलेली हुती काय गो?" जैतूनबी ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून खुबे, म्हणजे शिंपले, वेचते आणि पुलाजवळ विकते. त्यावरच तिचं घर चालतं. टोपली अर्धी होती असं सांगितलं की अण्णांचा चेहरा उतरतो. जेवण टाकून ते गवत बघायला जातात.

आता अण्णा पडले माळकरी. मला वाटलं, गळ्यात माळ घातली, मासे-मटण सोडलं, तरी खुब्यांची चव काही सुटत नाही बिचाऱ्यांची. एकटा जीव, मुलगा गोव्याला कामाला. मला दया आली. परवा मी मुद्दाम खाली चिखलात उतरले, जैतूनबीकडून ताजे खुबे घेतले आणि पिशवी अण्णांपुढे धरून हळूच म्हटलं, "खावा. मी कोणाला सांगत नाही."

अण्णांनी पिशवी हातात घेऊन आत पाहिलं.

"माका नको गो," ते म्हणाले. "एका वर्षी मिया हावरेपणान युरिया दुप्पट टाकलंय. अगदी व्हाळाच्या काठापर्यंत. पावसान सगळो धुवन खाली नेल्यान. खाडीच्या तोंडाक पाणी हिरवागार झाला, खुबे मेले. जैतून चार म्हयने रिकामी टोपली घेवन घराक जाय. माका म्हणाली, अण्णा, अल्लाची मर्जी. आणि मिया गप रवलंय."

"मग सांगायचं ना तिला."

"धीर झालो नाय. अजून होणा नाय. म्हणान तां गवत."

इतकी वर्षं या माणसाला मी खादाड समजत होते.

त्यांनी पिशवी माझ्या हातात परत दिली. "तू रांध. पण आज टोपली..."

"काठोकाठ भरली होती, अण्णा."

"खरां?"

"खरंच. मला एवढे देऊनही टोपली भरलेलीच राहिली."

अण्णांनी पंच्याने डोळे पुसले आणि ओटीवर सरकून मला जागा दिली. "बस गो, च्याय टाकतंय."

बसल्यावर माझं लक्ष खाली गेलं. माझे पाय घोट्यापर्यंत खाडीच्या चिखलाने भरले होते आणि पायरीपासून ओटीपर्यंत त्यांचे ठसे उमटले होते. अण्णा त्या ठशांवरूनच आत चहा करायला गेले. पायपुसण्याचं नावही काढलं नाही.