शीर्षक शेवटी लिहावं

दांडेखोलच्या मिशनच्या शाळेत कोकिळाबाई एकतीस वर्षं चौथीला शिकवत होत्या आणि एकतीस वर्षांत त्यांचे तीन नियम बदलले नव्हते. आधी मजकूर लिहावा. शीर्षक शेवटी लिहावं, लाल शाईने. आणि कागद हातावेगळा करण्याआधी एकदा वाचून पाहावा. तिसरा नियम मोडणाऱ्याची वही त्या न तपासता परत करत. गावातले निम्मे बाप्ये आज घरच्या लग्नपत्रिका छापायला देतानाही बाईंच्या धाकाने दोनदा वाचतात.

तेव्हा शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी दोन याद्या करायचं काम सिस्टर ॲग्नेसनी बाईंवर सोपवलं, यात नवल काही नव्हतं. सिस्टर मुख्याध्यापिका होऊन दोनच वर्षं झाली होती. त्या मूळच्या मंगळूरकडच्या, त्यांना गावातली नावं सगळी एकसारखीच वाटत. एक यादी यशस्वी माजी विद्यार्थ्यांची, दहा नावांची. तिचा फ्लेक्स एसटीच्या थांब्यावर लागणार होता आणि चार तारखेला त्या दहाजणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता. दुसरी यादी शाळेच्या दिवंगत विद्यार्थ्यांची. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, फादर चर्चमध्ये मयतांची नावं वाचतात आणि एकेका नावाला एक मेणबत्ती लागते. दांडेखोलात त्याला धर्म आडवा येत नाही. दर्याने नेलेल्या माणसाची राखही घरी येत नाही, म्हणून कोळीवाड्यातल्या बायाही आपल्या माणसाचं नाव फादरकडे देतात.

यशस्वींची यादी पाच मिनिटांत झाली. पेणला वीस ट्रक असलेला धनेश म्हात्रे, तळा तालुक्याचा नायब तहसीलदार हितेश, अलिबागची डॉक्टर जागृती आणि असेच आणखी सात. दुसऱ्या यादीला मात्र अख्खी संध्याकाळ गेली, कारण तिच्यातलं पहिलंच नाव विनेश नाखवा होतं.

विनेशला बाईंनी चौथीत नापास केलं होतं. गणितात नऊ मार्क. निकालाच्या दिवशी साऱ्या वर्गासमोर त्या म्हणाल्या होत्या, "तुझं काही होणार नाही." पोरगा पुन्हा शाळेत आला नाही, होडीवर गेला. एकोणिसाव्या वर्षी वादळात होडी उलटली, तेव्हा त्याने दोन खलाशांना एका फळीवर चढवलं. तिसऱ्याला जागा नव्हती, आणि तिसरा तो स्वतः होता. त्याची आई शकू शाळेच्या फाटकाबाहेर मासे विकायला बसायची. बाईंना बांगडे निवडून द्यायची, गोड बोलायची, पण फाटकाच्या आत तिने पाऊल कधी टाकलं नाही. बाईंना त्या गोड बोलण्याचंच जास्त लागायचं.

त्या संध्याकाळी दोन्ही याद्या लिहून झाल्या आणि लाल पेन वाळलेलं निघालं. दहा दहा नावांचे दोन सारखेच कागद बाईंनी घडी घालून टेबलावर ठेवले, मयतांचा डावीकडे, यशस्वींचा उजवीकडे. सकाळी शिपाई काळूरामने टेबल पुसलं आणि कागद त्याच्या मते व्यवस्थित लावून ठेवले. बाई नवं पेन घेऊन आल्या. घडीच्या वर शीर्षकापुरती मोकळी जागा दिसत होती. घडी उघडली असती तर विनेशचं नाव पुन्हा वाचावं लागलं असतं. त्यांनी घडी न उघडताच डावीकडच्या कागदावर मयतांचं आणि उजवीकडच्यावर यशस्वींचं शीर्षक लिहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कोकिळाबाईंनी कागद न वाचता दिला, आणि तोही एक नाही, दोन.

दोन तारखेला संध्याकाळी चर्च भरलं होतं. फादर नवे होते, गेल्याच महिन्यात आलेले. त्यांनी अत्यंत गंभीर आवाजात पहिलं नाव वाचलं, "धनेश म्हात्रे." मेणबत्ती लागली. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या नावाला एका बाईने तोंडाला पदर लावला. पाचव्या नावापर्यंत लोकांनी असा अर्थ काढला की माजी विद्यार्थ्यांची मेळाव्याला निघालेली गाडी कुठेतरी घाटात गेली. फादरना थांबवायला कोणी धजलं नाही, कारण प्रार्थना मध्येच तोडत नाहीत. कोकिळाबाई तिसऱ्या बाकावर होत्या. दहाही मेणबत्त्या लागेपर्यंत त्या बोटांवर नावं मोजत राहिल्या.

बातमीला पाय फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेणला धनेशने दात घासत दार उघडलं, तर अंगणात वीस ड्रायव्हर पांढऱ्या फुलांचे हार घेऊन उभे. तळ्याच्या कचेरीत हितेश नेहमीप्रमाणे उशिरा पोचला, तेव्हा सगळा कर्मचारीवर्ग माना खाली घालून स्तब्ध उभा होता. शिस्तीचा माणूस, तोही दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला आणि मग शेजारच्याला हळूच विचारलं की कोण गेलं. जागृतीच्या दवाखान्यावर कोणीतरी दुखवट्याची पाटीही लावली होती, त्यामुळे त्या दिवशी एकही पेशंट आत गेला नाही.

दुपारी धनेशचा बाईंना फोन आला. आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं.

"बाई, सगल्यात आदी कोन आलं ठाव हाय? माजे ड्रायव्हर. भावकी आली दुपारी, जेवून. ते जाऊ द्या. पन पार्टीचे फोन यायला लागलेत, गाड्या आता कोन चालवनार म्हनून. उद्या माइकवर सांगा का मी जिता हाय. नायतर धंदा बसंल माजा."

बाईंनी कबूल केलं. चूक त्यांची होती, सांगणं भाग होतं. पण तोवर एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लागला होता. 'आमच्या शाळेचे यशस्वी माजी विद्यार्थी' असं मोठ्या लाल अक्षरांत वर, आणि खाली दहा नावं. दहापैकी एकही माणूस या जगात नव्हता.

बाई काळूरामला आणि शिडीला घेऊन थांब्यावर निघाल्या. वाटेत त्यांनी ठरवलं की उद्या माइकवर दोन्ही चुका एकदमच कबूल करायच्या. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या, आता आपल्या चुकीखाली मारून घ्यायची. थांब्यावर पोचल्यावर काळूराम शिडीवर चढला आणि मग बाईंना फ्लेक्सच्या सावलीत बसलेली शकू दिसली. टोपली बाजूला होती आणि टोपलीत मासे नव्हते, झेंडूची फुलं होती.

"तीन पोरींकडून वाचून घेतलं," शकू म्हणाली. "तिघी बोलल्या, पयलं नाव विनेशचंच हाय."

वरून काळूरामने विचारलं, दोरी सोडू का.

"सोडतंस कशाला?" शकूच वर बघून म्हणाली. "घट बांद. वारा हाय."

काळूरामने बाईंकडे पाहिलं.

"घट्ट बांध," बाई म्हणाल्या.

त्या रात्री बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. माइकवर खरं सांगावं तर शकूच्या पोराला भर सभेत दुसऱ्यांदा नापास करायचं. न सांगावं तर दहा जिवंत माणसांना मेलेलं ठेवायचं.

चार तारखेला शाळेचं पटांगण भरलं. फ्लेक्स वाचून दहाही घरची माणसं नटूनथटून आली होती आणि आपण जिवंत आहोत हे दाखवायला यशस्वी दहाजण झाडून आले होते. शाली दहाच होत्या. हितेशने वेळ न दवडता आपली आधीच ताब्यात घेऊन पिशवीत ठेवली. शकू फाटकापाशी क्षणभर थांबली, चपला बाहेर काढल्या आणि देवळात यावी तशी आत आली. ती मागे जमिनीवर बसली.

कोकिळाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या. हातात दोन्ही कागद होते.

"परवा चर्चमध्ये जी यादी वाचली गेली ती चुकीची होती," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. फादरची नाही, काळूरामची नाही. ती दहाही माणसं जिवंत आहेत, पुढे बसलीयेत, सगळ्यांनी बघून घ्या."

सगळ्यांनी बघून घेतलं. धनेशने उभं राहून चारी दिशांना हात जोडले आणि तिथूनच दोन पार्ट्यांना व्हिडिओ पाठवला.

"आता फ्लेक्सवरची यादी," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी दुसरा कागद उघडला आणि पहिल्या नावापासून दहाव्या नावापर्यंत सावकाश, मनातल्या मनात वाचला. "ही मी आत्ता पुन्हा एकदा वाचून पाहिली. हिच्यात चूक नाही."

सिस्टरनी डोळे मिटले. हितेश धनेशच्या कानाशी लागून म्हणाला, "मग आपण कोण रे?"

"जिते," धनेश म्हणाला. "तेवडं पुरं. शाल काढ पिशवीतनं."

शाली मग फ्लेक्सवरच्या नावांनुसार वाटल्या गेल्या. शकूला धनेशने स्वतः आणून पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीवर बसवलं. विनेशच्या बाकावर तो चार वर्षं बसला होता आणि गणितात तेव्हा त्याला अकरा मार्क होते, ही गोष्ट त्याने पेणला कोणाला सांगितलेली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर शकू शाल पांघरून ऑफिसच्या दारात आली. विनेशचा शाळा सोडल्याचा दाखला तेवढा न्यायचा राहिला होता, म्हणाली. सिस्टरनी जुनी फाईल काढली. दाखला तिथेच होता, पिवळा पडलेला, बाईंच्याच अक्षरातला. इयत्ता चौथी, अनुत्तीर्ण. सोबत निकालपत्रक टाचलेलं, गणित नऊ.

"बाई, मंग आता तो पास झाला ना?" शकूने विचारलं.

बाईंनी लाल पेन काढलं आणि नऊ या आकड्यावर टेकवलं. शाळेच्या कागदात खाडाखोड करायची नाही, हा सिस्टरचा नियम होता. सिस्टर खिडकीपाशी गेल्या आणि पटांगणातल्या खुर्च्या मोजू लागल्या.

शकूने बाईंचा हात धरला.

"मार्क ऱ्हाऊ द्या. नऊच होते त्याला. गनित त्याला येतच नव्हतं. फलीवर दोगं मावतान, तिसरं न्हाय, येवडंच त्याला कललं."

बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी त्या पुसल्या नाहीत. खाली शेऱ्याची जागा बावीस वर्षं रिकामी होती, तिथे त्यांनी लाल शाईने 'पास' एवढं लिहिलं, एकदा वाचून पाहिलं आणि कागद शकूच्या हातात दिला.