सलोख्याची लिफ्ट

इमारतीची लिफ्ट बंद पडली, ही बाब गंभीर होती. त्याहून गंभीर बाब अशी, की चौथ्या मजल्यावरची शिंपीणबाई त्यामुळे वरच अडकली. तिचे गुडघे जिना उतरायला तयार नव्हते आणि तळमजल्यावरच्या थोरलीचा दम जिना चढायला तयार नव्हता. थोरली म्हणजे सगळ्या इमारतीची थोरली. वयाने, आवाजाने आणि न विचारता सल्ला देण्याने. दोघी रोज दुपारी अंगणातल्या बाकावर मांडीला मांडी लावून भांडायच्या. आता तेच भांडण जिन्याच्या पोकळीतून चालायचं.

"तुझ्या चादरीचं पाणी माझ्या उशांवर गळतंय गं!" थोरली खालून ओरडायची.

"मग उशा घरात घे. का त्यालाही माणूस लावून देऊ?"

"खाली ये, मग दाखवते."

"लिफ्ट चालू कर, येते."

भांडायचं आणि समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, यात काय मजा? थोरलीने लिफ्टचं मनावर घेतलं आणि पदर खोचून कचेरी गाठली. तिथे कळलं, की जिथे नाना तऱ्हेचे लोक राहतात अशा इमारतींच्या लिफ्ट आता 'परस्पर सलोखा व सामाजिक एकजीवता विभागा'कडे वर्ग झाल्या आहेत. लोक मनाने एकत्र येत नसतील, तर त्यांना एका पेटीत घालून वर नेण्यात शासनाला रस नव्हता.

सलोखा अधिकारी पाहणीला आला. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर कामाच्या वेळेपुरतं हसू.

"इथे कोणकोणते समाज राहतात?"

"माणसं राहतात," थोरली म्हणाली.

"ते झालंच हो. पण कोणती?"

थोरली गोंधळली. तिची सून म्हणजे शिंपीणबाईची सख्खी भाची. सुताराची बायको लग्नाआधी वेगळीच भाषा बोलायची. आता ती भाषा सुतार बोलतो आणि बायको गप्प बसते. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची प्रार्थना एक, मुलांची दुसरी, नातवंडांची फक्त परीक्षेच्या दिवसांत. यातून कोण कोणाचं ते निवडायचं म्हणजे एका पातेल्यात शिजलेलं पुन्हा वेगवेगळ्या डब्यांत भरायचं.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "बाई, ही मोठीच अडचण आहे. तुमच्याकडे गटच नाहीत. गट नाहीत तर आम्ही एकत्र कोणाला आणायचं? आधी तुम्ही नीट वेगळे व्हा."

"आणि झालो तर?"

"तर आम्ही एकत्र आणू. लिफ्टसकट."

अंगणात सभा भरली. सुताराकडे रंगाचे दोन डबे उरले होते, एक तपकिरी, एक जांभळा. त्याने तोडगा काढला. "ज्यांचे आजोबा नदीच्या अलीकडून आले ते तपकिरी, पलीकडून आले ते जांभळे. ज्यांना आजोबा आठवत नाहीत त्यांनी जागा मिळेल तिथे बसा."

थोरली तपकिरी झाली. शिंपीणबाई जांभळी, सुतार जांभळा. सून मावशीपाठोपाठ जांभळी झाल्यामुळे थोरलीचं स्वयंपाकघर सीमाभागात आलं. पाळण्यातल्या नातीवर दोन्ही गटांनी हक्क सांगितला. ती रडायला लागल्यावर दोन्ही गटांनी उदार मनाने तो सोडला. बाक अर्धा-अर्धा रंगवला.

"लिफ्टपुरतंच आहे हो हे," सगळे एकमेकांना सांगत होते.

आणि खरंच लिफ्टपुरतंच होतं. फक्त हळूहळू जांभळ्यांच्या लक्षात आलं, की नळ उघडा टाकून जाणारे नेमके तपकिरीच असतात. तपकिऱ्यांना आठवलं, की जांभळे पहिल्यापासून जरा मोठ्यानेच हसतात. ज्याने डबा उरला म्हणून रंग दिला होता, तो सुतार एके दिवशी म्हणाला, "आम्हा जांभळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावंच लागलंय."

अधिकारी पुन्हा आला. बाक पाहून खूश झाला, मग खट्टू झाला.

"गट उत्तम आहेत. पण तेढ कुठे आहे? तेढच नसेल तर आम्ही मिटवायचं काय?"

"भांडण हवंय होय? अहो, मग आधी नाही का सांगायचं!" थोरली जिन्याशी गेली. "ए शिंपिणी! तुझी ती फाटकी चादर काढ, नाहीतर कात्री घेऊन येते!"

"कात्री मलाच माग, तुझी गंजलीय!" वरून तत्काळ उत्तर आलं.

अधिकाऱ्याने मान हलवली. "हे वैयक्तिक झालं. असलं तेढीत धरता येत नाही. जरा सामूहिक करा."

थोरलीने बंद लिफ्टच्या जाळीकडे पाहिलं. मग छातीत हवा भरून घेतली. "तुम्ही जांभळे लोक सगळे असलेच! घाण खाली सोडायची आणि आपण वर बसायचं!"

एरवी थोरलीचं वाक्य संपायच्या आत उत्तर यायचं. आज वरून नुसता बारीक आवाज आला, "आम्ही लोक?"

आणि दार लागलं. हळूच लागलं. इतक्या वर्षांत शिंपीणबाईने रागाच्या भरात दार कधी हळू लावलं नव्हतं.

"वा!" अधिकारी म्हणाला. "हे धरता येतं."

लिफ्ट मंजूर झाली, आली, चालू झाली. भाषण झालं, फोटो झाला. संघर्ष टाळण्यासाठी लिफ्टच्या आणि अंगणाच्या वेळाही ठरल्या: सकाळ तपकिऱ्यांची, दुपार जांभळ्यांची. अधिकाऱ्याने हे सुचवलंही नव्हतं. रहिवाशांनी आपणहून मागणी केली आणि त्या बाबतीत सगळी इमारत पहिल्यांदा एकमताने वागली.

दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि शिंपीणबाई बाहेर आली. सुताराचा हात धरून बाकाच्या जांभळ्या अर्ध्यावर बसली. थोरली चप्पल न घालताच धावली.

"अगं, आलीस एकदाची!"

सुतार आडवा आला. "थोरल्या काकू, दुपार आमची."

"बाजूला हो मेल्या! लिफ्ट मी आणली."

"उपकार आहेत. पण दुपार आमची."

थोरलीने त्याच्या खांद्यावरून मान उंच केली. "अगं, ते लिफ्टसाठी बोलले मी! तुला खाली आणायला!"

"माहीत आहे मला," शिंपीणबाई म्हणाली. "पण बोलताना अडखळली नाहीस."

थोरली आली तशीच अनवाणी घरात परतली.

आता इमारत आदर्श ठरली आहे. लांबलांबून लोक पाहायला येतात. परवा एक पाहुणी अंगणात उभ्या थोरलीपाशी आली, आवाज खाली आणून म्हणाली, "आजी, रंग राहू द्या बाजूला. खरं सांगा, तपकिरी म्हणजे मूळचे कोण?"

"बाई गं, लिफ्ट का बंद पडली हे विचारलंस?"

"नाही."

"माझी मैत्रीण माझ्याशी पुन्हा बोलायला लागली का, हे?"

"नाही."

"मग पुढे हो."

पाहुणी ओशाळून पुढे गेली. तुम्ही तिला हसू नका. तपकिरी म्हणजे कोण आणि जांभळे म्हणजे कोण, हे तुम्ही तर कोणाला न विचारताच मघाशी मनात ठरवून टाकलंय.