ऊब आतून येते

परक्या देशात नव्यानेच संसार मांडलेल्या एका शिंप्याच्या घरातला हीटर बंद पडला. घटना वास्तविक किरकोळ होती. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, मागे पलंग आणि भिंतीला टेकलेला तो लोखंडी हीटर, ज्यावर आता फक्त टॉवेल वाळत घालत. तेही वाळत नसत. शिंप्याची बोटं इतकी आखडली, की सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारावी लागे. आणि बायकोने नवऱ्याचीच कानटोपी घट्ट ओढून घेतलेली असल्यामुळे तिला ती हाक ऐकू जात नसे.

अखेर शिंपी नवागत कल्याण कार्यालयात गेला. कार्यालय छान उबदार होतं. समाधान अधिकारी बाईंनी कोट काढून खुर्चीला अडकवला होता.

"घर मिळालं ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मिळालं."

"काम?"

"तेही मिळालं. उपकार आहेत तुमचे."

"मग?"

"हीटर बंद आहे."

बाई हळहळल्या. "हे पाहा, नवागताच्या मनःस्वास्थ्याला सगळ्यांत मोठा धोका तक्रारीपासून असतो. तक्रार आली की कृतज्ञता आटते, आणि कृतज्ञता आटली की थंडी वाजते."

"पण बाई, भिंतीला हात लावला तरी..."

"ऊब आतून येते," बाई मायेने म्हणाल्या.

त्यानुसार प्रकरण दुरुस्ती विभागाकडून मनःस्वास्थ्य विभागाकडे वर्ग झालं, आणि हीटरऐवजी शिंपी दुरुस्तीला घेण्यात आला.

कृतज्ञता वर्गात आपापल्या देशातून आलेली बरीच मंडळी होती. शिंप्याच्याच इमारतीतल्या, पूर्वी दंतवैद्य असलेल्या टॅक्सीवाल्याने लाल सिग्नलचे आभार मानले. तेवढ्या वेळात त्याला मागे बसलेल्यांचे दात आरशात बघता येत. मग शिंप्याची पाळी आली. तो सरळ मनाचा माणूस. जे होतं ते त्याने सांगून टाकलं.

"मी बंद हीटरचे आभार मानतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको माझ्या इतकी जवळ कधी बसली नव्हती."

वर्ग खो खो हसला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शिंप्याला तिथल्या तिथे 'आदर्श नवागत' घोषित करण्यात आलं.

"आता तरी हीटर...?" शिंप्याने विचारलं.

"छे! तो आता प्रेरणास्थान आहे. त्याला हात लावता येणार नाही."

मग प्रेरणास्थान पाहायला माणसांच्या झुंडी येऊ लागल्या. खोलीत इतकी गर्दी होई, की खरोखरच उकडायला लागे. बाईंनी खोलीचं तापमान मोजलं आणि कृतज्ञतेने ऊब निर्माण होत असल्याचं सप्रमाण वर कळवलं. वरून तातडीने आदेश आला: प्रयोग यशस्वी, संपूर्ण इमारतीचे हीटर बंद करण्यात यावेत.

त्या दिवसापासून जिन्यात शिंप्याशी कोणी बोलेना. खालच्या मजल्यावरची बाळंतीण तान्ह्याला शालीत गुंडाळून दारात आली. शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, तोंड पाडून काय बसलात?" बायको कानटोपी काढून म्हणाली. "आभारच हवेत ना त्यांना? चला, मानू. सगळे मिळून मानू."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं तेव्हा अख्खी इमारत दारात उभी होती. बाळंतीण पाळण्यासकट, म्हातारे उशांसकट, शिंपी मशीनसकट.

"हे काय?" बाई दचकल्या.

"आभार मानायला आलोय," शिंपीण म्हणाली. "मन इतकं भरून आलंय, की एका दिवसात उरकायचं नाही."

कृतज्ञ माणसाला हाकलण्याचा नियम कार्यालयाकडे नव्हता. मंडळी ऐसपैस पसरली. टेबलावर अंगडी-टोपडी वाळू लागली, मशीन खडखडू लागली, टॅक्सीवाल्याने कारकुनांच्या दाढा तपासायला घेतल्या. स्वतः बाईंना खुर्ची उरली नाही, तेव्हा त्या कोट घालून व्हरांड्यात उभ्या राहिल्या. तिथे गारठा होता.

संध्याकाळच्या आत शिंप्याचा हीटर दुरुस्त झाला आणि इमारतीतले बाकीचे सगळे पुन्हा सुरू झाले. बाळंतिणीने शिंपिणीला मिठी मारली, आणि शिंप्याच्या सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला.

त्याच आनंदात त्याने मायदेशी थोरल्या भावाला फोन लावला. दादा पोट धरधरून हसला. "काय रे ती माणसं! कुडकुडणाऱ्याला आभार मानायला लावतात? लाज कशी वाटत नाही?"

"जाऊ दे. तुझ्याकडे काय नवीन?"

"काही नाही रे. सोसायटीला नवा वॉचमन ठेवलाय. लांबून कुठून तरी आलाय, बायकोपोरं घेऊन. जिन्याखालची खोली फुकट दिली, तर म्हणतो पंखा बसवून द्या! मी सांगितलं, डोक्यावर छप्पर मिळालंय, आधी उपकार मान. सभेत विषय एकमताने निकाली निघाला."

एकमताने, हे खरं आहे. आपणही होतात की त्या सभेला. दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली.