टोलेडोची परतीची गाडी

मिरजगावच्या स्टँडवर नाना एकवीस वर्षं कंट्रोलर होते आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी कुणासाठी एकही गाडी थांबवली नाही. एकदा एक नवरदेव मुंडावळ्यांसकट गाडीमागे पळाला, तर नाना त्याला म्हणाले, "लगीन तुमचं हाय, गाडी समद्यांची हाय." निवृत्त झाले तरी मनगटावरचं घड्याळ आणि गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. आमची ही माहेरी निघाली, की शेजारच्या ओट्यावरून हाक यायचीच, "वैनी, आधी परतीची गाडी बघा, मग जायची!"

आम्ही दोघं मुलाकडे माद्रिदला निघालोय हे कळल्यावर नाना दुसऱ्याच सकाळी वहीचं पान घेऊन हजर.

"सर, एक दिवस टोलेडोला काढा. रेल्वेच्या नादी लागू नका, बस धरा. लौकर निघा, ऊन व्हायच्या आत वर पोचायला पायजे."

नगरच्या पलीकडे कधी मुक्कामाला न राहिलेला हा माणूस मला स्पेन समजावत होता! गाव टेकडीवर, तिन्ही बाजूंनी नदी. स्टँड खाली आहे, पण वर जायला सरकते जिने आहेत, उगाच गुडघे झिजवू नका. रस्ते दगडगोट्यांचे, नवे बूट नकोत. दुपारी दुकानं बंद, तेव्हा सावली बघून जेवून घ्या.

"तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

"फोनात गल्ल्या दिसत्यात. रोज हिंडतो मी." मग पानाकडे बघतच म्हणाले, "वैनीला दशम्या करायला सांगा. चार जास्त. संध्याकाळी चौकाखालच्या गल्लीत बदामाच्या मिठाईचं दुकान उघडतंय."

मग मला उलगडा झाला. त्या दुकानात सुनंदा काम करते, नानांची एकुलती एक मुलगी. तिकडच्याच माणसाशी लग्न करायचं ठरवून ती सहा वर्षांपूर्वी घरातून निघाली, तेव्हापासून बापलेकीत अबोला. तिची पुण्याची गाडी नेमकी नानांच्याच ड्यूटीत होती. ती खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली आणि नानांनी ठरल्या मिनिटाला शिट्टी मारून गाडी काढली. आम्ही सगळे तिथंच उभे होतो. मला तेव्हा नानांचा फार राग आला होता, अजूनही थोडा आहे.

"तिला काही सांगू?"

"काय सांगनार? दशम्या द्या फकस्त. आन् परतीची गाडी चुकवू नका."

टोलेडोत आम्ही पानाबरहुकूम चाललो. मान्य करायला जड जातं, पण एकही सूचना खोटी निघाली नाही. दुकानात सुनंदानं फडकं सोडलं, दशमीचा वास घेतला आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसली. विचारलं एवढंच, "नाना बीपीची गोळी घेत्यात का येळेवर?" घेतात म्हटलं. मग गाडीची वेळ झाली आणि आम्ही पळत सुटलो.

मिरजगावला परतलो त्या संध्याकाळी नाना ओट्यावर वाटच बघत होते. पहिला प्रश्न, "गाडी येळेवर सुटली का?"

"नाही. चार मिनिटं उशिरा. सुटता सुटता सुनंदा एप्रनवरच धावत आली आणि हात आडवा करून गाडीपुढे उभी राहिली. तुमच्यासाठी हे द्यायचं राहिलं होतं." मी मिठाईचा खोका पुढे केला.

आता शिस्तीवर प्रवचन होणार, असं मला वाटलं. नानांनी खोका मांडीवर घेतला, पण उघडला नाही.

"ड्रायव्हर थांबला?"

"थांबला."

"चांगला मानूस हाय." ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. "चार मिनटं मलाबी थांबवता आली आसती, सर. माज्याच हातात हुतं."

मग खिशातला मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"लावा तिला. तिथं आत्ता दुपार हाय. दुकान बंद आसंल."