वहिनीच्या गोळ्या, घरची शिस्त

घर चालतं ते शिस्तीवर, आणि शिस्त ठरते ती कोण कधी जेवणार त्यावर. आमच्याकडं आधी अण्णा म्हणजे वडील, मग दादा, मग मी, पोरं, आई, आणि सगळ्यात शेवटी वहिनी. कुणाची तक्रार नाही. मी जातीनं चौकशी केली, शंभर टक्के लोक समाधानी निघाले. (वहिनी तेव्हा भांडी घासत होती, तिला कशाला मधेच उठवायचं.)

अण्णांना दात नाहीत, म्हणून पालेभाजी पार लगदा होईस्तोवर शिजते. हिरवं पाणी मोरीत. लगदा नंबरानं संपतो. वहिनीच्या वाट्याला कढई येते. पुसून खायला कुणाची मनाई नाही.

पुढं वहिनीला धाप लागायला लागली. जीभ लाल, तोंड पांढरंफटक. घरात बैठक बसली. आई म्हणाली, "आळस." दादा म्हणाला, "मोबाईल." एक दिवस वहिनी जिन्यात बसली ती उठेचना, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडं नेली.

बाईंनी रक्त तपासलं. "अंगातलं फोलेट संपलंय. पालेभाजीत असतं ते. नसलं की रक्तातल्या पेशी नुसत्या फुगतात, पिकत नाहीत."

दादा खूश. "मोठ्या झाल्यात ना? मग बिघडलं कुठं?"

"अहो, आकार मोठा, काम शून्य," बाई म्हणाल्या, आणि दादाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "असंच चाललं तर हृदयावर येईल. गोळी रोज द्या."

गोळ्या आल्या. पिवळ्या, मसुराएवढ्या. आता इतकं गुणाचं औषध घरात आल्यावर शिस्त मोडायची का? पहिली अण्णांना. मग दादानं घेतली. "रक्त काय तिला एकटीलाच आहे?" असा खुलासाही केला. मग मी. पोरांना अर्धी अर्धी. आईनं नको नको म्हणत घेतली. वहिनीचा नंबर येईस्तोवर पाकीट रिकामं व्हायचं.

फेरतपासणीला वहिनीला चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. बाईंनी तिला तिथंच ठेवून घेतली, गोळी स्वतःच्या हातानं द्यायला.

"घरी कधी सोडाल?" दादानं विचारलं. "जेवणाचे फार हाल चाललेत."

"तिचे थांबलेत," बाई म्हणाल्या.

तुम्ही हसताय, हसा. तुमच्याकडं असलं काही नसतं, ठाऊक आहे मला. फक्त आज तुमच्या घरात शेवटी कोण जेवलं, आणि तिच्या ताटात भाजी होती का, एवढं सांगा. आत हाक मारून विचारू नका. ती "होती की" म्हणणार, आणि तुमचं लगेच समाधान होणार.