धाकट्याला उतरवा

“मला एक सांगा, त्या धाकट्याला संघात ठेवलाय कशाला?” कॅशियरने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, “वारा आला तर बाक उडून जाऊ नये म्हणून!”

भूमितीचे मास्तर खो खो हसले. चष्मेवाले हसले नाहीत. ते एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होते. तो त्यांनी गरजेपेक्षा जास्त आवळला आणि दांडी तुटून त्यांच्या हातात आली.

ही बैठक रोज संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात भरे. दिवसभर बँकेत काचेमागे गप्प बसावं लागे, त्याची भरपाई कॅशियर इथे करत. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण त्यांचं शिकवणं निवृत्त झालं नव्हतं. कोण कुठल्या कोनातून धावला असता तर गोल झाला असता, हे ते काउंटरवर पट्टी ठेवून सिद्ध करून दाखवत. आणि दुकान चष्मेवाल्यांचं असल्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा असे. शहराच्या क्लबमध्ये कोचपासून गोलरक्षकापर्यंत कुणालाही फुटबॉल कळत नाही, यावर तिघांचं एकमत होतं. या तिघांपैकी कुणी कधी चेंडूला पाय लावल्याचं मात्र ऐकिवात नाही. मास्तरांना तर जिना उतरतानाही कठडा लागे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण निदान नाचायला उभ्या राहिलेल्यांसाठी तरी आहे. कुंपणावर बसून अंगणाचा आणि नाचणाऱ्याचा, दोघांचाही वाकडेपणा काढणाऱ्यांसाठी अजून म्हण निघायची आहे.

धाकटा म्हणजे संघातला सगळ्यात लहान खेळाडू. आघाडीला खेळायला घेतलेला, पण हंगामभर बदली खेळाडूंच्या बाकावर बसलेला. कारण आघाडीला ‘दादा’ होता. दादाचं वय झालं होतं, वजन वाढलं होतं, आणि चेंडू जवळ आला की तो त्याच्याकडे जुनी ओळख असल्यासारखा नुसता बघत राही. तरी कोच खेळवत असे दादालाच.

चष्मेवाल्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांची मुलगी त्याच क्लबात फिजिओथेरपिस्ट होती. हंगामाच्या सुरुवातीला धाकट्याचा घोटा दुखावला आणि उपचारासाठी तिच्या हातात आला. घोटा बरा झाला, तरी उपचार काही थांबेनात. मग एक दिवस धाकटा सरळ घरी येऊन चष्मेवाल्यांपुढे उभा राहिला. “काका, आम्हाला लग्न करायचंय.”

“खेळतोस कुठे?”

“आघाडीला.”

“ते माहितीये मला. मी विचारतोय, खेळतोस कधी?”

चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे अट सांगून टाकली. “एक अख्खा उत्तरार्ध खेळून दाखव, मग माझा होकार. तोवर ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये.”

तो गेल्यावर बायकोने कमरेवर हात ठेवले. “तुम्ही पोरीचं लग्न करताय की संघ निवडताय?”

“अगं, बाकावर बसणारा जावई केला हे त्या कॅशियरला कळलं, तर मला दुकान दुसऱ्या गल्लीत हलवावं लागेल!”

“बाबा,” मुलगी शांतपणे म्हणाली, “हंगाम संपेपर्यंत थांबते. नंतर आम्ही तुमच्याशिवाय लग्न करू.”

ती बोलल्याप्रमाणे करणारी होती. एकुलती एक पोर, आणि तिच्या लग्नात बापच नाही, ही कल्पनाच चष्मेवाल्यांना सहन होईना. पण अट मागे घ्यायची म्हणजे चूक झाली म्हणायचं, आणि ती सवय त्यांना नव्हती. म्हणजे राहिला एकच मार्ग. धाकट्याला खेळवलंच पाहिजे, आणि तेही आपलं नाव पुढे न येता.

दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी दुकानात विषय काढला. “धाकटा वाईट आहे, मान्य. पण कोच त्याच्याहून वाईट आहे की नाही?”

“यात वादच नाही,” कॅशियर म्हणाले.

“मग त्याला झोंबेल असं काहीतरी करायला नको? दादाच त्याचा लाडका ना? आपण भर मैदानात धाकट्याची मागणी करायची!”

“अहो, पण धाकट्याला येतं काय?”

“दादाला काय येतं?”

हे मात्र दोघांना पटलं. कोचला झोंबणार असेल, तर त्यांनी आघाडीला बकरी उभी करायलाही पाठिंबा दिला असता. भला मोठा फलक लावायचं ठरलं. चष्मेवाल्यांनी घरातून एक पांढरी चादर उचलली आणि “अहो, नवी आहे ती!” हे बायकोचं ओरडणं ऐकलंच नाही. मास्तरांनी ती त्यांच्याच घरी मधल्या खोलीत जमिनीवर पसरली, पट्टीने रेघा आखल्या आणि मजकूर सांगितला, ‘धाकट्याला मैदानात उतरवा’.

“अक्षर केवढं काढणार?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“वीतभर.”

“वीतभर? मैदानाच्या पलीकडून कोण वाचणार ते?” चष्मेवाल्यांना स्फुरण चढलं. “अहो, जन्म गेला माझा लोकांना अक्षरं वाचायला लावण्यात! दुकानातला तक्ता बघितलाय ना? माणूस खालच्या ओळीला हरतो. वरच्या ओळीला अजून कुणी हरलेला नाही. का? अक्षर मोठं! शब्द किती आहेत याला किंमत नाही, दिसतात किती याला आहे. हातभर अक्षर पाहिजे!”

मास्तरांनी पुन्हा मापं घेतली. “हातभर अक्षरात तीन शब्द बसत नाहीत. दोनच बसतील.”

“मग ‘मैदानात’ काढून टाका. मैदानात नाही तर काय विहिरीत उतरवणार आहेत त्याला?”

मुलगी दारात उभी होती. “बाबा, नुसतं ‘उतरवा’ म्हटलं तर त्याचा अर्थ...”

“तू घोटे बघ. अक्षरातलं मला शिकवू नकोस.”

मुलगी खांदे उडवून आत गेली. चादरीवर दोन शब्द झळकले. धाकट्याला उतरवा.

रविवारी दुपारी तिघं आणि चष्मेवाल्यांची बायको असे चौघं गोलच्या मागच्या कठड्याशी जाऊन बसले. मुलगी औषधांची बॅग घेऊन समोर, संघाच्या बाकापाशी होती. कॅशियरने चादर कठड्याला बांधली. बँकेच्या थैल्यांना मारतात तशा करकचून गाठी मारल्या. अक्षरं इतकी ठसठशीत होती की पलीकडच्या गॅलरीतली माणसं बोटं दाखवू लागली. कोचने एकदा वळून चादर वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पूर्वार्धभर दादालाच खेळवलं.

उत्तरार्ध सुरू व्हायच्या वेळी मात्र दादा लंगडत लंगडत बाकाकडे गेला आणि तिथे जे बसला ते उठलाच नाही. त्याचा गुडघा गेला होता. कोचने बाकावर नजर फिरवली. आघाडीचा दुसरा माणूस तिथे एकच होता. धाकटा मैदानात आला.

“आलं ना टाळकं ठिकाणावर!” कॅशियरने चष्मेवाल्यांच्या पाठीत धपका घातला. “चादरीने काम केलं!”

काम दादाच्या गुडघ्याने केलं होतं, पण श्रेय घेताना असल्या बारीकसारीक गोष्टींकडे कोण बघतो? फक्त हा उत्तरार्ध, एवढा एक पार पडू दे, असं चष्मेवाले मनातल्या मनात म्हणत होते. हंगामभर बसून राहिलेल्या धाकट्याचे पाय आखडले होते. पहिलाच चेंडू त्याच्या बुटाला लागून सरळ रेषेबाहेर गेला.

पलीकडच्या गॅलरीने चेंडू बाहेर जाताना पाहिला. मग तिने चादर वाचली. धाकटा तर मैदानात उभा होता, आणि चादरीवर हातभर अक्षरात लिहिलं होतं, ‘धाकट्याला उतरवा’.

“खरंय!” कुणीतरी ओरडलं. “उतरवा त्याला!”

“उतरवा! उतरवा!” अख्खी गॅलरी टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडू लागली.

चष्मेवाले आधी खूश झाले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. “मास्तर, हे काढा म्हणतायत त्याला!”

मास्तरांनी मान डोलावली. “शब्दात चूक नाही. खेळाडूला मैदानात उतरवतात आणि लांबलेल्या वक्त्याला व्यासपीठावरून उतरवतात. तो मैदानाबाहेर असता तर एक अर्थ, आत आहे म्हणून दुसरा.”

“उतरवा! उतरवा!” शेजारून आवाज आला. कॅशियर मुठी उगारून ओरडत होते.

“अहो, तुम्ही काय ओरडताय?”

“म्हणजे? आपलीच घोषणा आहे ना!”

चष्मेवाल्यांनी चादरीवर झडप घातली. गाठी सुटेनात. त्यांनी नखं लावली, दात लावले, शेवटी दोन्ही हातांनी चादर गदागदा ओढली. लांबून लोकांना वाटलं, म्हातारा चेव येऊन फलक हलवतोय. आवाज दुप्पट झाला. धाकट्याने त्या आवाजाकडे पाहिलं, चादर वाचली, ती कोण हलवतंय ते पाहिलं, आणि त्याच्या पायातून दुसरा चेंडूही निसटला. त्याला वाटलं असणार, सासरा स्वतः नकार घेऊन मैदानात आला. आता कोचने शेपूट घातली. बाकावरून एका बचावपटूला उठवून त्याने रेषेवर उभं केलं. खेळाडू बदलायची पाटी वर जाऊ लागली, आणि कुणाचा नंबर येतोय हे बघायला सगळं मैदान एका क्षणासाठी गप्प झालं.

नेमके त्याच क्षणी चष्मेवाले कठड्यावर चढले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “काढू नका रे त्याला! माझा जावई आहे तो!”

हे वाक्य पलीकडच्या गॅलरीतही ऐकू गेलं. त्याला हातभर अक्षरांची गरज पडली नाही. हशा असा उसळला की पंच शिट्टी तोंडात धरून तसेच उभे राहिले. धाकट्याला बाहेर काढलं ते काढलंच. तो कानापर्यंत लाल होऊन बाकावर जाऊन बसला. मुलीने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि वडिलांकडे पाहून, बऱ्याच दिवसांनी, मनापासून हसली. चष्मेवाल्यांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटत होतं.

“जावई?” कॅशियर म्हणाले. “म्हणजे हंगामभर मी जे काही बोललो...”

“सगळं लक्षात आहे माझ्या,” चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. “आता गाठी सोडा. चादर नवी आहे.”

संध्याकाळी धाकटा घरी आला. उभ्या उभ्याच म्हणाला, “काका, अट काही पूर्ण झाली नाही.”

“अट गेली खड्ड्यात,” चष्मेवाले म्हणाले. “बस आधी. हजारो माणसांसमोर तुला जावई म्हणून बसलोय. आता फिरवलं तर लोक मला काय म्हणतील?”

धाकटा खुर्चीच्या टोकावर टेकला. “दादाचा गुडघा आता या हंगामात बरा होत नाही. पुढच्या रविवारी सुरुवातीपासून खेळवतो, असं कोच म्हणालेत.”

“शाब्बास!” चष्मेवाले उठून उभे राहिले. “चांगली पुढची जागा धरतो मी!”

“पण त्यांचीही एक अट आहे, काका.” धाकट्याने मुलीकडे पाहिलं. तिने नजरेनेच ‘बोल’ म्हटलं. “तुम्ही मैदानात यायचं नाही.”

चष्मेवाले खाली बसले. “मी? अरे, माझा जावई खेळणार, आणि मीच बघायचं नाही?”

“खेळत नव्हता तेव्हा दर रविवारी जात होतात,” बायको म्हणाली. “आता खेळणार आहे, तर बसा घरी.”

पुढच्या रविवारी मायलेकी मैदानात गेल्या आणि चष्मेवाले घरी बसले. वर्तमानपत्र उलटं धरून त्यांनी दुपार काढली. सामना संपल्यावर कॅशियर आणि मास्तर आले तेव्हा ते दारातच उभे होते.

“काय झालं?”

“आधी चहा,” कॅशियर ऐसपैस बसत म्हणाले. चष्मेवाल्यांनी मुकाट्याने स्वतः चहा केला आणि तिघांसाठी बाहेर आणला. कॅशियरने सावकाश दोन घोट घेतले. “दोन गोल मारले.”

“कुणी?”

“तुमच्या जावयाने. एक डोक्याने, एक पायाने. लोक नाचत होते. पण खरं सांगू का? तुमचा जावई आहे म्हणून बोलू नये, पण पोरात दम नाही.”

“कोन चुकतो त्याचा,” मास्तर म्हणाले.

चष्मेवाल्यांनी कप बशीत ठेवला आणि दोघांच्या डोळ्यांत आळीपाळीने रोखून पाहिलं.

“उद्या दुकानात या दोघंही,” ते म्हणाले. “तुमचे नंबर वाढलेत.”