चुन्याचे रेघांतील रंगमाफी

श्री. चेंडू वाटोळा, पृथ्वी वाटोळी, आणि दोहींस माणसाचा रंग पाहावयास डोळे नाहींत, त्या उभयतांस प्रथम नमन असो. शके १८९५ प्रमादीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, दक्षिण समुद्राकांठचे एका राज्यांत टेनिस नामें खेळाचे पायीं जो प्रकार घडला, तो जाणत्यांचे तोंडून ऐकिला तैसा यथामति लिहितों. संवत्सराचें नांवच प्रमादी, म्हणजे चुकांचें, तेव्हां पुढें ज्या चुका होतील त्या कांहीं सरकारच्या आणि कांहीं संवत्सराच्या समजाव्या. राज्याचें नांव लिहीत नाहीं. ज्याचें त्यास कळेल. त्या राज्यीं आपले थंडीचे दिवसांत ऊन तापतें, म्हणजे ऋतु उलटे, आणि कायदे तर ऋतूंवरही ताण.

राज्यकर्ते गोरे, रयत बहुतेक काळी, आणि सरकारास वाटणीचा भारी सोस. नळ वेगळे केले, बांक वेगळे केले, टपालकचेरीचे दरवाजे वेगळे केले, आणि मग जित्यांचें आटोपलें म्हणून स्मशानेंही वेगळीं केलीं. टेनिसाचें मैदान तर सगळेंच गोऱ्यांचें. काळ्या गड्यानें सकाळीं येऊन रूळ फिरवावा, चुन्याच्या रेघा ओढाव्या, आणि शेवटली रेघ पुरी होतांच उडी मारून बाहेर व्हावें, कारण रेघ पुरी जाहली कीं आंतली जागा गोरी होत असे. ऐशा रेघा ओढणाऱ्या एका गड्याचे घरीं एनॉक माबेना जन्मास आले. आईबाप लवकर वारले, आणि मग आईची बहीण दोर्काबाई, जी शाळेंत पोरांस अंक-अक्षर शिकवीत असे, तिनें त्यांस वाढविलें. बाईंचा स्वभाव ऐसा कीं फौजदार दारीं आला तरी आधीं त्याचे सदऱ्याची तुटकी गुंडी दाखवावी आणि मग काय काम तें पुसावें. प्रार्थनामंदिराचे मागले भिंतीवर त्या भाच्याकडून पाव कापावयाचे फळीनें चेंडू मारवून घेत आणि म्हणत, "भिंत कधी हरत नाही रे. हिच्याशी खेळायला शिकलास की माणसं सोपी वाटतील."

आणि तैसेंच जाहलें. एका पाद्रीसाहेबांचे वशिल्यानें एनॉकजी परदेशीं गेले, आणि मग ज्या ज्या राजधानींत स्वारी गेली तेथें तेथें फत्ते जाहली. करंडक घेतेवेळीं आभाराचीं चार वाक्यें बोलावीं ऐसी रीत आहे. एनॉकजी एका वाक्यांत आभार उरकीत आणि उरल्या तिहींत आपले राज्यांतील वेगळे नळ सांगत. मग वकिलातींपुढें फलक धरून उभे राहूं लागले, आणि एकदां रात्र चौकींत काढून सकाळीं तेथूनच परस्पर सामन्यास गेले व जिंकले. आपले सरकारनें संतापून त्यांस देशबंदी केली आणि वर्तमानपत्रांत त्यांचें नांव छापणें गुन्हा ठरविलें, तेव्हां पत्रकर्ते "अमक्याचा पराभव जाहला" इतकेंच छापीत आणि कोणी केला तें रयत आपण होऊन समजे. मग इतर राज्यांचे खेळाडूही एनॉकजींचे बोलण्यास लागून त्या राज्याकडे पाठ फिरवूं लागले, आणि अखेर एके वर्षीं मोठ्या सामन्यास परदेशचा एकच खेळाडू आला, तोही म्हणतात वाट चुकून.

तेव्हां सरकारची मोठी नामोष जाहली. खेळअमात्यांनीं मसलत बसविली, एनॉकजींची देशबंदी उठविली आणि त्यांस सनद धाडिली कीं, "सामन्याचे मुदतीपुरतें आपणांस मानाचे गोरे करण्यांत येत आहे, तरी निःशंक यावें." एनॉकजींनीं उलट लिहिलें: "सनद पावली, संतोष जाहला. खुलासा व्हावा कीं गोरेपण सकाळीं किती वाजतां चढेल आणि उतरेल केव्हां. मधले सुट्टींत मावशीकडे जेवावयास गेलों तर पाटावर बसणारा मी कोण. आणि तूर्त जैसा आहें तैसाच येईन म्हटलें तर हरकत काय." हें पत्र दरबारांत वाचितां एक कारकून हंसला, त्याची बदली जाहली. मग वृद्ध न्यायशास्त्री उठून म्हणाले, माणसाचा रंग काढतां येत नाहीं तर जागेचा काढावा. अमात्यांस युक्ति बहुत मानली आणि जाहीरनामा निघाला कीं, पुढील हुकूम होईपावेतों मैदानावरील चुन्याचे रेघांचे आंत कोणाचाही रंग धरूं नये, आणि शिपायानें रंगाचे कायद्याखालीं तेथें कोणास हात लावूं नये. एवढीशी जागा सोडिली, बाकी राज्य शाबूद राहिलें, ऐसें म्हणून अमात्यांनीं मिशीवर ताव दिला.

इकडे एनॉकजींचें वय उतरलें होतें, उजवा गुडघा पावसाची आगाऊ वर्दी देऊं लागला होता. जगांतील करंडक घरीं रांगेनें होते, फक्त आपले राज्याचा नव्हता. मावशीनें त्यांस भिंतीशीं खेळतां पाहिलें, खरे मैदानावर एकदांही नाहीं. तो करंडक मावशीचे डोळ्यांदेखत जिंकावा, इतकी एकच आस उरली होती, आणि हें शेवटलेंच वर्ष. परंतु काळ्या वस्तीची तरणी मंडळी निरोप धाडूं लागली, "येऊ नका दादा. तुम्ही आलात की सरकार जगाला दाखवणार, बघा आमचं राज्य किती चांगलं!" एनॉकजी मोठ्या पेचांत पडले, आणि मग त्यांनीं मावशीस पुसिलें. बाई त्या काळीं वेगळ्या नळांविरुद्धचे चळवळींत पुढारी, तुरुंगांत इतक्या वेळां गेलेल्या कीं तेथील पहारेकरीण सुनेचें गाऱ्हाणें यांजपाशीं सांगे. त्यांनीं निरोप दिला: "पोरं म्हणतात ते खोटं नाही. मानाचा गोरा होऊन येतो म्हणाला असतास तर मीच दार लावून घेतलं असतं. पण सरकारने स्वतःच्या हाताने कायद्याला भोक पाडलंय. आत शिरून बघू तरी, केवढं होतं ते. ये."

एनॉकजी आले, आणि एकामागून एक खेळाडू मारीत अखेरचे सामन्यास पोंचले. समोर हेंद्रिक नामें गोरा, तरणाबांड, खेळास चोख आणि बोलण्यास कंजूष. गोरी मंडळी छपराखालीं सावलींत बसली, आणि काळी मंडळी बाजूस उन्हांत, त्यांचेभोंवतीं दोरखंड. मावशी दोर्काबाई उन्हांत पहिले रांगेंत बसल्या; छत्री आणिली होती, परंतु मागल्यांस आड येते म्हणून मिटली. मग खेळ ऐसा जाहला कीं शत्रूनेंही वाहवा म्हणावी. दोन डाव याचे, दोन त्याचे, आणि पांचवे डावांत एनॉकजींचा गुडघा कुरकुरूं लागला तरी त्यांनीं दम सोडिला नाहीं. या खेळांत गणती पंधरा, तीस, चाळीस ऐसी चालते. पंधरांनीं चढणारा आंकडा चाळिसास कां दमतो हें पंचासही ठाऊक नाहीं. असो. अखेर एनॉकजींचे चाळीस, हेंद्रिकचे तीस, आणि एक चेंडू पडला कीं करंडक हातीं, ऐसी वेळ आली.

त्या वेळीं ऊन कलून मावशीचे थेट डोळ्यांत शिरलें. बाईंनीं हात आड धरिला, पदर आड धरिला, कांहीं दिसेना. तेव्हां उठल्या आणि दोरखंडाखालून निघून सरळ सावलींत एक रिकामी खुर्ची होती तीवर जाऊन बसल्या. शेजारची गोरी मडम दचकली, तिला म्हणाल्या, "घाबरू नका हो. एकच चेंडू बघायचाय. भाचा आहे माझा." परंतु कायदा तो कायदा. दोन शिपाई धांवले आणि बाईंस दंडाला धरून उठवूं लागले.

एनॉकजींचे एका हातीं चेंडू, दुसरे हातीं रॅकेट, आणि त्यांनीं तें पाहिलें. खेळ चालूं असतां खेळाडूनें परक्यास रेघेआंत बोलाविलें तर तो हरला, ऐसा नियम त्यांस पाठ होता. करंडक समोर मेजावर चकाकत होता. एनॉकजींनीं तिकडे पाहिलें, हें लपवीत नाहीं. माणूस होते, दगड नव्हते. आणि मग ओरडले, "मावशी, आत ये!"

मावशी म्हणाल्या, "अरे, खेळ जाईल ना तुझा!"

"आधी आत ये, मग भांड माझ्याशी."

बाईंनीं दंड सोडवून घेतला आणि तुरतुर चालून रेघ ओलांडिली. शिपाई मागें धांवले ते रेघेपाशीं ऐसे थांबले कीं बुटांस चुना लागला. पुढें रंगमाफीची जागा, हात लावण्याची आज्ञा नाहीं. पंचानें उंच खुर्चीवरून नियमाप्रमाणें निकाल दिला कीं एनॉक माबेना हरले. आणि लिहितां हात जड होतो, परंतु खरें तें लिहावें, त्या क्षणीं एनॉकजींचे डोळ्यांत पाणी आलें. हेंद्रिकनें आपले विसाव्याची खुर्ची उचलून आणिली आणि मावशीस बसावयास दिली.

मग उन्हांतील मंडळींनीं तें पाहिलें आणि दोरखंडाखालून एकेक, मग दहा दहा, मग सगळीच रेघांचे आंत शिरली. सावलींतील कितेक लोकही चोरट्यासारखे इकडे तिकडे पाहून आंत आले. जाळी खालीं केली, डबे उघडले, गाणीं सुरू जाहलीं, आणि सगळे राज्यांत तितकेंच एक ठिकाण ऐसें जाहलें कीं तेथें कोणीही कोणाशेजारीं बसावें. खेळअमात्य धांवत आले, रागानें लाल, म्हणजे त्यांचाही रंग ठिकाणीं नव्हता, आणि गरजले, "रेघा पुसा! रेघच नाही तर आत कुठलं?" परंतु रेघांचें काम करणारे गडी सगळे आंत बसून गाणीं म्हणत होते, तेव्हां शिपायांनींच केरसुण्या आणि बादल्या घेऊन वांकून वांकून चुना धुऊन काढिला. इतका निगुतीनें धुतला कीं कोठें टिंब राहिलें नाहीं. मग अमात्य म्हणाले, "आता सगळे बाहेर व्हा!"

मावशी म्हणाल्या, "होते की. फक्त बाहेर कुठून सुरू होतं, तेवढं बोट ठेवून दाखवा."

अमात्यांनीं इकडे पाहिलें, तिकडे पाहिलें, आणि न्यायशास्त्र्यांकडे पाहिलें. जाहीरनामा रेघांचे आंतील जागेचा. रेघा गेल्या, परंतु जाहीरनामा रद्द करावयाचा राहिला. तर रंगमाफी आतां मैदानापुरती, कीं रस्त्यापावेतों, कीं समुद्रापावेतों, हें ठरवावयाची पाळी शास्त्रीबोवांवर येतांच ते तपकिरीची डबी शोधूं लागले. मग मावशी भाच्यास म्हणाल्या, "चल, तो राहिलेला चेंडू मार. त्यासाठीच उठले होते मी."

मंडळींनीं वाट दिली आणि जाळी पुन्हा ताणिली. हेंद्रिक आपण होऊन पलीकडे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सोडणार नाही हां, परतवणार." एनॉकजींनीं दुखऱ्या गुडघ्यावर भार टाकून चेंडू मारिला; हेंद्रिकनें मनापासून झेप घेतली, आणि चेंडू त्याचे डावीकडून सणसणत गेला. पंच अजून उंच खुर्चीवरच होता, त्यानें संवयीनें मान वळवून रेघ पाहिली. रेघ नव्हती.

मावशी खुर्चीवरून म्हणाल्या, "आत!"

सारांश हाच कीं, तो कायदा त्या दिवशीं मेला नाहीं. दुसरे सकाळीं मावशींस कैद जाहली, नव्या रेघा ओढिल्या, आणि राज्य ताळ्यावर येण्यास पुढें बहुत वर्षें लागलीं. आलें तेव्हां नवे सरकारनें त्या करंडकावर एनॉकजींचें नांव घालावयाचें ठरविलें. एनॉकजी म्हणाले, "नको. नियमाने हरलो, नाव हेंद्रिकचंच राहू दे. मावशीने चेंडू आत दिला, माझा सामना तिथे संपला."

इतकें लिहून लेखणी ठेवितों. कमीजास्त असेल तें वाचणारानें सरळ करून घ्यावें.